सातांपैकी तीन मजले

आमच्या दुकानातून अपुरा कोट कधी बाहेर पडला नाही. शेवटचे काज भरून होईपर्यंत गिऱ्हाईक कितीही मोठे असो, त्याला थांबावे लागे, आणि थांबवण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे माझी नात, जिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, अर्धा झालेला व्हिडिओ गेम विकायला काढणार आहे असे कळले, तेव्हा मी तिला समोर उभे करून विचारले.

"अर्धा म्हणजे नेमका किती?"

"गेममधलं हॉटेल सात मजल्यांचं आहे, आजी. तीन मजले झालेत."

"आणि वरचे चार?"

"होतील."

"मग झाले की वीक."

"विकला नाही तर होणारच नाहीत," ती म्हणाली आणि खुर्ची गर्रकन वळवून पुन्हा कामाला लागली.

दुकानावरची ती खोली पूर्वी कापड बेतण्याची होती. लांब टेबल अजून तेच आहे. त्यावर आता कापडाच्या जागी दोन संगणक, वायरींचा गुंता आणि कपांच्या बुडांची वर्तुळे. एका टोकाला भिंगरी बसते, दुसऱ्या टोकाला या कामातला तिचा भागीदार. त्याला मी चित्रकार म्हणते, कारण तो चित्रे काढतो आणि त्यापलीकडे फारसे बोलत नाही. दोघांनी मिळून एका जुन्या हॉटेलातील लिफ्टचालकाचा गेम रचला आहे. खेळणाऱ्याने पाहुण्यांना वर-खाली न्यायचे, त्यांची बोलणी ऐकायची आणि कोण कोणापासून काय लपवते आहे ते हळूहळू ओळखायचे. कल्पना चांगली आहे. दार लागता लागता माणसे नको ते बोलून जातात, हे ट्रायलच्या खोलीबाहेर उभी राहून मी आयुष्यभर ऐकत आले आहे.

भिंगरीने मला समजावले, की अपुरे गेम उघडपणे विकण्याची रीत आहे आणि तिला अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात. घेणाऱ्याने आज जे आहे ते खेळायचे आणि कुठे अडते ते कळवायचे. त्या विक्रीवर आणि त्या कळवण्यावर पुढचे काम चालते. ती नोकरी सोडून बसली होती. चित्रकाराची जागा जुन्या कंपनीने राखून ठेवली होती, पण जन्मभर राखणार नव्हती. सारी मदार पहिल्या आठवड्यावर होती. पहिल्या गिऱ्हाइकांनी बरे म्हटले, तर ते ऑनलाइन दुकान गेम पुढे मांडते. वाईट म्हटले, तर मागच्या फळीवर ढकलते, आणि मागच्या फळीवरचे कोणी उचलत नाही. तसे झाले तर चित्रकार नोकरीवर परतणार, आणि त्याच्यावाचून भिंगरीला हॉटेलाची एक भिंतही उभी करता येणार नव्हती.

रीत मला पटली नाही. परंतु घरातले पोर दुकान उघडते आहे म्हटल्यावर हाताची घडी घालून बसणाऱ्यांतली मी नव्हे. विक्रीच्या दिवशी सकाळीच मी फोन हाती घेतला आणि दीर, नणंद, पुतणे, भाचे, सुना, जावई अशा सगळ्यांना एकेक करून हुकूम सोडला. "भिंगरीचा गेम आज निघतोय. प्रत्येकानं घ्यायचा. आजच." कोणी कारण विचारले नाही. आमच्यात विचारत नाहीत.

इथे आमच्या घराण्याचा एक रिवाज सांगितला पाहिजे. सासऱ्यांच्या काळापासून तयार कोट गिऱ्हाइकाला देण्याआधी पुतळ्यावर चढवला जाई आणि घरातल्या प्रत्येकाने त्यात एक तरी खोट काढायची असा दंडक होता. ज्याला खोट सापडली नाही त्याला त्या दिवशी चहा नाही. घरच्यांनी झाकलेली खोट बाहेरचे चव्हाट्यावर आणतात, असे सासरे म्हणत. त्या दंडकात वाढलेली माणसे आता गावोगावी पांगली आहेत, पण अंगवळणी पडलेले सुटत नाही. मी त्यांना "घ्या" म्हटले. काय घेत आहात, हे सांगायचे मला सुचलेही नाही.

दुपारी विक्री उघडली. मला खाली बसवेना. दुकानात माझा मुलगा, म्हणजे भिंगरीचा बाप, एका गिऱ्हाइकाचे माप घेत होता. टेप हातात आणि नजर छताकडे.

"आई, तू अशी सारखी वर-खाली केलीस तर ती पोरं काम कसं करणार?"

"तू खांदा नीट मोज," मी म्हटले आणि पुन्हा जिना चढले.

वर पडद्यावर विक्रीचा आकडा उड्या मारत होता. भिंगरीचे गुडघे टेबलाखाली थडथडत होते.

"इतक्या लवकर कोण घेतंय हे?" चित्रकार म्हणाला. त्याचे त्या दिवसातले पहिलेच वाक्य.

मी खिडकीशी जाऊन रस्ता पाहू लागले. हसू आवरत नव्हते, आणि ते दाखवण्याची मला सवय नाही.

मग अभिप्राय येऊ लागले. भिंगरी मोठ्याने वाचू लागली आणि दुसऱ्या ओळीतच तिचा आवाज उतरला.

"'शिफारस करत नाही. हरकत पहिली: चित्रात मजले सात, प्रत्यक्षात तीन. हरकत दुसरी: चौथ्या मजल्याचे बटण दाबले, दार उघडले, पाऊल टाकले आणि मी खाली पडू लागलो. चहा करून घेऊन आलो. तरी पडतच होतो.'" ती थांबली. "हरकतींना क्रमांक कोण घालतं?"

मला ठाऊक होते. माझे धाकटे दीर निवृत्त लेखापरीक्षक आहेत आणि वाढदिवसाच्या शुभेच्छाही मुद्देनिहाय देतात. मी पुन्हा खिडकीकडे वळले.

"'शिफारस करत नाही. रंगकाम सुरेख. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना चेहराच नाही. घरात एकटी होते, घाबरून दिवे लावले.'" भिंगरीने पान खाली सरकवले. "'शिफारस नाही. जिना कुठेच जात नाही.' 'शिफारस नाही. मॅनेजर भिंतीत अडकलाय, त्याला कोणीतरी काढा.' आजी, हे सगळे एकाच सुरात का बोलतायत?"

चित्रकाराने वरची पट्टी दाखवली. तिथे लाल अक्षरांत उमटले होते: बहुतांशी नकारात्मक.

"आजी." भिंगरी उभी राहिली. "तू कुणाकुणाला फोन केलेस?"

"सगळ्यांना."

"काय सांगितलंस?"

"घ्या म्हणून सांगितलं. आणखी काय सांगायचं असतं?"

"काय घ्या ते! अपुरा आहे, मोडका आहे, चार मजले नाहीत, हे सांगितलंस?"

"ते तुझ्या दुकानाच्या पाटीवर असायला हवं. माझ्या तोंडात कशाला?"

"आहे पाटीवर!"

"दाखव."

तिने दाखवले. मी चष्मा लावून वाचले. सर्वांत वर चित्रकाराने रंगवलेले हॉटेल होते, सातही मजल्यांच्या खिडक्या उजळलेल्या. त्याखाली गेमची स्तुती. आणि त्याच्याही खाली, जिथवर माझ्या नणंदेचा धीर कधीच पोचला नसता, बारीक अक्षरांत एक परिच्छेद होता: खेळाडूंच्या सहभागातून सातत्याने विकसित होणारा अनुभव, वगैरे.

"या वाक्यातून मला काहीही कळलं नाही," मी म्हटले, "आणि मी दोनदा वाचलं. सात उजळलेले मजले मात्र न वाचता कळले. तुझ्या धाकट्या आजोबांची पहिली हरकत रास्त आहे."

चित्रकार आपल्या चित्राकडे अशा नजरेने पाहू लागला, जशा नजरेने मी उलट्या बसलेल्या बाहीकडे पाहते.

झाले ते निस्तरणे भाग होते. मी जाहीर केले की आत्ताच्या आत्ता सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलवायचे.

"आणि मत बदलायला सांगशील," भिंगरी म्हणाली. "तसं नको. खोटी वाहवा घेऊन मी काय करू?"

"खोटं बोलायला मी कुणाला शिकवलेलं नाही. काय घेतलंय एवढं समजावून सांगते."

पडद्यावर चौकटीचौकटींतून नातलग उमटले. कोणाचे कपाळच दिसत होते, कोणाचा नुसता पंखा. दीर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"वहिनी, माझी तिसरी हरकतही आहे," त्यांनी सुरुवात केली.

"भाऊजी, आधी माझं ऐका. सगळ्यांनीच ऐका. कच्चा दोरा घातलेला कोट आठवतो? ट्रायलला अंगावर चढवतो तेव्हा त्याला अस्तर नसतं, बटणं नसतात, एक बाही टाचण्यांवर असते. तेव्हा गिऱ्हाईक 'कोट वाईट' असं म्हणत नाही. 'काखेत दाटतंय' असं म्हणतं, आणि आपण खडूनं खूण करतो. भिंगरीचा गेम आज ट्रायलला आहे. तुम्ही त्याला तयार कोट समजून नाकं मुरडलीत."

चौकटींतून माना हलल्या. मला बरे वाटले. आता सावरेल, असे वाटले.

"हं," दीर म्हणाले. "ट्रायल. समजलं. मग डिलिव्हरी कधी?"

तारीख विचारली की तारीख द्यायची, हा माझा धर्म. "वर्षअखेरीस," मी म्हटले.

"नाही!" भिंगरीने माझ्या खांद्यावरून पुढे वाकून संगणक स्वतःकडे वळवला. "आजी, मी तारीख दिलेली नाही. धाकटे आजोबा, डिलिव्हरी कदाचित कधीच नाही."

कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"अगं बाई," नणंद म्हणाल्या, "असं कुणी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतं का? वहिनी, अहो, बघा हिला!"

"आत्याआजी, सांगायलाच हवं. कोटाचं तसं नसतं. कापड आलेलं असतं, माप घेतलेलं असतं, तो शिवून होणारच. आमचं तसं नाही. पैसे संपले, आमच्यातलं कुणी थकलं, कुणी सोडून गेलं, तर गेम इथेच थांबेल. दिलेले पैसे चार मजल्यांची हमी नाहीत. आज जे तीन मजले आहेत, तेवढेच पैसे वसूल करणारे वाटले तर ठेवा."

"मी मागे असाच एक घेतला होता," माझा भाचा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर आहे. "बनवणारे आधी रोज लिहायचे. मग महिन्याला. मग पत्ताच नाही. मी अजून कधीमधी बघतो आलाय का काही."

"म्हणूनच घेण्याआधी ते बघायचं, काका. शेवटची सुधारणा कधी आली, लोकांच्या तक्रारींना बनवणारे उत्तर देतात का. ते गप्प झाले असतील तर समजून जायचं."

"ते सगळं खरं, पण मी मोठ्या कष्टानं तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेय," नणंदांनी विचारले. "ते तरी राहील ना?"

"सांगता येत नाही, आत्याआजी. पुढच्या बदलात पुसलं जाऊ शकतं. पुन्हा पहिल्यापासून चढावं लागेल."

"पुन्हा त्या बिनचेहऱ्याच्या बाईला भेटायचं?"

"तोवर तिला चेहरा आला असेल," चित्रकार मागून पुटपुटला.

मी उभी होते आणि हात ठेवायला काहीतरी शोधत होते. घराण्यातली मुलगी भर सभेत म्हणत होती की आमचे काम पुरे होईलच असे नाही. तिला गप्प करणे माझ्या एका शब्दाचे काम होते. तो शब्द ओठांशी आला होता. पण तिचे गुडघे थडथडायचे थांबले आहेत हे मला दिसले. दुपारपासून प्रथमच ती स्थिर उभी होती.

"ऐकलंत ना?" मी म्हटले. "सकाळी मी घ्या म्हणाले, ते हे न सांगता म्हणाले. तो हुकूम मागे. ज्याला नको असेल त्यानं परत करावा. मत जे असेल तेच ठेवावं. माझ्या भिडेखातर कुणी काही पुसायचं नाही."

"थोडाच वेळ खेळलेला असेल तरच परत होतो," भिंगरीने सांगितले. "ठरलेल्या वेळेच्या पुढे गेला की नाही."

दिरांनी चष्मा काढला. "मी पडत होतो तो वेळ खेळण्यात धरला आहे काय?"

"हो, आजोबा."

"चहा केला तोसुद्धा?"

"तोसुद्धा."

"म्हणजे मी पडण्याचे पैसे दिले." सगळ्या चौकटी हसल्या. दीर हसले नाहीत. "ठीक आहे. मग मी हरकती काढतच राहणार. चौथ्याचं बटण बंद ठेवायला हवं होतं, एवढी साधी गोष्ट कळू नये?"

"ते बंदच आहे, आजोबा. दाबलंच जात नाही."

"दाबलं जातं. दार पुरतं उघडायच्या आत दाबलं की जातं. मला दारांसाठी ताटकळायची सवय नाही."

भिंगरी वाकली. "पुन्हा सांगा. उघडायला लागण्याआधी की उघडत असताना?"

त्यानंतर त्या दोघांचेच बोलणे सुरू राहिले आणि बाकीच्या चौकटी एकेक करून विझल्या.

संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी गेम परत केला. त्यांच्याबद्दल मला राग नाही. मीच मोकळीक दिली होती. विक्रीचा आकडा ज्या वेगाने चढला होता त्याच वेगाने उतरला आणि लाल अक्षरे जागची हलली नाहीत. चित्रकाराने सात उजळलेल्या मजल्यांचे चित्र पुसले. नव्या चित्रात तीन मजले उजळलेले होते आणि वर नुसते खांब, तुळया, उघडे आकाश. हॉटेल त्यात गरीब दिसत होते. पण खरे दिसत होते.

भिंगरीने पाटीचा मजकूर बदलायला घेतला. पहिलीच ओळ: हा गेम अपुरा आहे आणि त्यात चुका आहेत. पुढे: तीन मजले आहेत, तेवढेच आवडतील असे वाटले तर घ्या, मोडलेले चालत नसेल तर थांबा. इथवर मला मान्य होते. नंतर तिने लिहिले: उरलेले चार मजले बांधण्याचा आमचा इरादा आहे, वचन नाही.

"ते शेवटचे दोन शब्द काढ," मी म्हटले.

"का?"

"वचन नाही असं लिहून कुणी दुकान मांडतं? आपल्या घराण्याचं भांडवल वचन होतं. कापड तर कुणीही आणतं."

"तुला वचन पाळता येत होतं म्हणून तू देत होतीस. मला येईल की नाही ते माहीत नाही. न देता काम करते ना. ते दिसत नाही का तुला?"

"दिसतं. म्हणूनच म्हणते, दे."

"नाही देणार."

मी खाली गेले. टाचण्यांची डबी उघडली, बंद केली. बाहेर जाऊन कोपऱ्यापर्यंत चालून आले. परत आले तरी पाय थांबेनात. वचन मोडणारे मी पाहिले होते. वचन न देण्याचे धैर्य हे मला नवीन होते, आणि नवीन गोष्ट मला एका दिवसात पचत नाही.

पुढचे दिवस असेच गेले. मी जिना चढे, "काही आलं?" म्हणून विचारी, आणि उतरे. अनोळखी माणसे थोडी थोडी घेऊ लागली. घराबाहेरच्या कोणीतरी लिहिले: तीनच मजले आहेत, तीनच आहेत असे सांगितलेही होते, तिसऱ्यावरचे भांडण ऐकायला मी पुन्हा पुन्हा वर गेलो. दुसऱ्याने लिहिले की चूक कळवली तर दुसऱ्या दिवशी उत्तर आले. तिसऱ्याने झोडपले, पण तेही पाटी वाचून झोडपले. दिरांनी आपला अभिप्राय पुसला नाही. खाली एक ओळ जोडली: हरकत दुसरी दूर केली आहे, आता पडत नाही. लाल अक्षरे एके दिवशी पिवळट झाली: संमिश्र.

"संमिश्र म्हणजे बरं का?" मी विचारले.

"मागच्या फळीवर नाही," भिंगरी म्हणाली. "पुढच्याही नाही."

त्याच दिवशी चित्रकाराला जुन्या कंपनीचा फोन आला. तो जिन्यात जाऊन बोलला. भिंगरी पडद्याकडे बघत बसली, पण तिची बोटे कळफलकावर नुसतीच टेकलेली होती. मी दाराकडे पाहत होते. तो परत आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "चौथ्या मजल्यावर गालिचा हिरवा घेऊ की तपकिरी?"

"जागेचं काय?" भिंगरीने विचारले.

"दिली दुसऱ्याला. हिरवा घेतो."

मी खाली आले नाही. खुर्ची ओढून भिंगरीशेजारी बसले. "आता मला एक दे. इतरांसारखा, रीतसर विकत."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले, दुकानात मी गिऱ्हाइकाकडे पाहत असे तशी.

"पाटी वाचलीस?"

"तू लिहीत असताना पाठीशी उभी होते मी."

"अर्धवट चालेल तुला?"

"नाही."

"खेळलेलं पुसलं गेलं, पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं तर?"

"मी असलं काही खपवून घेणार नाही."

"मग तू घेऊ नकोस, आजी. झाला तर घे. तेव्हा किंमत वाढलेली असेल, पण ती तुला परवडेल. वाट बघणं परवडेल का ते बघ."

"आणि झालाच नाही तर?"

"तर तुझं काही गेलं नाही."

माझ्या घरात, माझ्याच टेबलापाशी, मला कोणी माल नाकारला होता. माझ्याकडे उत्तर होते, एक नाही, अनेक होती. पण तिचे बरोबर होते. ज्याला अपुरे सोसत नाही त्याने थांबावे, आणि मला सोसत नाही.

मी उठले. जिन्याच्या चार पायऱ्या उतरले, थांबले, पुन्हा वर गेले.

"काय गं?" भिंगरीने न वळता विचारले.

"काही नाही. चौथा मजला कुठवर आला?"

"आजी, तू खालीसुद्धा पोचली नव्हतीस."

"विचारलं ते सांग."

"गालिचा," चित्रकार म्हणाला.